दिलेला अवयव टिकतो कसा?

एकाच्या देहातील अवयव काढून दुसऱ्याच्या देहात बसवावा आणि मरणाच्या दारी गेलेला मनुष्य परत संसारात यावा, ही गोष्ट आता आपल्या परिचयाची झाली आहे. वेलोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात १९७१ साली मूत्रपिंडरोपण यशस्वी झाले. १९९४ साली आपल्या देशात मानवी अवयवरोपणाचा कायदा झाला. आज मुंबई, पुणे, बंगळूर, हैदराबाद येथे अशा शस्त्रक्रिया नित्य होत असतात, आणि त्यांसाठी आपल्या बाजारपेठांतून वर्गणीची वही फिरल्याचेही आपण पाहतो.

धान्याच्या पेढीवर चाळीस वर्षे घालविलेल्या आणि मॅट्रिकपर्यंतच शिकलेल्या माणसाने अशा विषयावर लेखणी उचलावी, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु वाचून आणि जाणत्या डॉक्टरांस विचारून आम्हांस जे समजले, त्यात एक भाग असा आहे की जो व्यापाऱ्यास इतरांपेक्षा लवकर उमजावा. दुकान उघडण्यास भांडवल लागते ते निराळे, आणि ते चालविण्यास रोजचा खर्च लागतो तो निराळा. अवयवरोपणाची शस्त्रक्रिया हे भांडवल होय. बसविलेला अवयव शरीराने नाकारू नये म्हणून जन्मभर जी राखण करावी लागते, तो चालू खर्च होय. भांडवल उभे करण्यास सारे धावतात. चालू खर्चाचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही. म्हणूनच हा लेख.

शरीराची आपपर ओळख

सामान्य समज असा की अवयव बसविण्यात सारी करामत शल्यविशारदाच्या हाताची. रक्तवाहिन्या एकमेकींस शिवण्याची विद्या तर फार पूर्वीच साधली होती. त्या कामाबद्दल अॅलेक्सिस कॅरेल या फ्रेंच शल्यविशारदास १९१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. प्राण्याचा अवयव काढून त्याच प्राण्यास परत बसविला तर तो चाले. दुसऱ्या प्राण्यास बसविला की थोड्याच दिवसांत निकामी होई. टाका चुकला नव्हता, हात चुकला नव्हता. मग अडत होते कोठे?

याचा उलगडा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात होऊ लागला. भाजलेल्या रुग्णांच्या अंगावर दुसऱ्याची कातडी लावून पाहण्याचे प्रयत्न इंग्लंड-स्कॉटलंडात चालू होते. पीटर मेडावर हे प्राणिशास्त्रज्ञ आणि थॉमस गिब्सन हे शल्यविशारद यांनी ग्लासगो येथील एका रुग्णावर केलेले निरीक्षण १९४३ साली प्रसिद्ध केले. परक्याची कातडी प्रथम लावली तेव्हा ती काही दिवस जगली आणि मग गळून गेली. त्याच दात्याची कातडी दुसऱ्यांदा लावली तेव्हा ती पहिलीपेक्षा पुष्कळच लवकर गेली. म्हणजे शरीराने नुसते नाकारले नव्हते, तर नाकारल्याची आठवणही ठेविली होती. एकदा ज्या पेढीने पैसे बुडविले तिचे नाव खतावणीत दिसताच आपण दुसऱ्या खेपेस दारातूनच परत पाठवितो, तसाच हा प्रकार म्हणावयाचा.

हे काम रक्तातील पांढऱ्या पेशींचे. आपल्या देहातील पेशींवर काही विशिष्ट खुणा असतात. पोत्यावर पेढीचा मार्का असावा तशा त्या असतात, आणि पांढऱ्या पेशी त्या तपासत देहभर फिरत असतात. मार्का परका दिसला की त्या इतर पेशींस इशारा देतात, इशाऱ्यासरशी त्यांच्यासारख्या असंख्य पेशी निर्माण होतात, आणि मग त्या परक्यावर तुटून पडतात. देवीचा किंवा क्षयाचा जंतू आला असता हीच शक्ती आपला प्राण वाचविते. तिला शत्रू कोण आणि मदतीस आलेला मित्र कोण हे ओळखता येत नाही. बहिणीने प्रेमाने दिलेले मूत्रपिंडही तिच्या दृष्टीने परकेच.

जुळ्यांची साक्ष

ही उपपत्ती खरी असेल, तर ज्यांचे मार्के अगदी एकच आहेत अशा दोघांत विरोध होता कामा नये. २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेत बोस्टन येथील पीटर बेंट ब्रिगम रुग्णालयात याची कसोटी लागली. रिचर्ड हेरिक याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. रोनाल्ड हा त्याचा एकाच बीजापासून झालेला जुळा भाऊ. डॉ. जोसेफ मरे यांनी आधी एकाच्या कातडीचा तुकडा दुसऱ्यास लावून पाहिला. तो टिकला, म्हणजे मार्का एकच. मग रोनाल्डचे एक मूत्रपिंड काढून रिचर्डला बसविले, ते चालू झाले, आणि त्यानंतर रिचर्ड आठ वर्षे जगला. डॉ. मरे यांस १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु असा जुळा भाऊ कितीकांस असणार? बाकीच्यांसाठी प्रथम जो मार्ग काढला तो भयंकर होता. रुग्णाच्या सर्वांगावर क्ष-किरण सोडून त्याची प्रतिकारशक्तीच मारून टाकावयाची. एखादा वाचला, बहुतेक साध्या जंतूंच्या बाधेनेच दगावले. उंदरांच्या भीतीने वखारीचे दारच काढून टाकावे, त्यांतलाच हा उपाय.

त्यापुढील वाट औषधांनी दाखविली. रक्ताच्या कर्करोगावर गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज यांनी एक औषध तयार केले होते. त्याने पांढऱ्या पेशींची वाढ आवरते हे १९५९ साली बोस्टन येथे सशांवरील प्रयोगांत दिसून आले. त्याच कुळातील अॅझाथायोप्रिन हे औषध देऊन डॉ. मरे यांनी १९६२ साली मृत व्यक्तीचे मूत्रपिंड बसविले, आणि ते वर्षाहून अधिक काळ चालले. पुढच्याच वर्षी डेन्व्हर येथे डॉ. थॉमस स्टार्झल यांनी अॅझाथायोप्रिनच्या जोडीस स्टेरॉइड देऊन असे दाखविले की, नकार सुरू झाला तरी तो वेळीच उलटविता येतो. तोपर्यंत नकार म्हणजे अखेरचा निकाल असेच धरले जाई. त्या निकालावर अपील चालते हे प्रथमच कळले.

आधी पारख

माल उतरवून घेण्यापूर्वी आपण पोत्यात बंबू घालून नमुना पाहतो. तशीच पारख येथेही आहे. रक्तगट पाहिला जातो. त्याखेरीज पेशींवरील ज्या मार्क्यांचा वर उल्लेख केला, त्यांस एच. एल. ए. असे म्हणतात, त्यांपैकी पहिला मार्का फ्रान्सचे डॉ. झाँ दोसे यांनी १९५८ साली ओळखला. हे मार्के निम्मे आईकडून व निम्मे बापाकडून येतात. म्हणून आई किंवा बाप दाता असेल तर निम्मा मेळ ठरलेलाच असतो. सख्ख्या भावंडांत पूर्ण मेळ बसण्याचा संभव चारांत एक, निम्मा मेळ बसण्याचा चारांत दोन, आणि मुळीच मेळ नसण्याचाही चारांत एक. "सख्खा भाऊ आहे, मग आणखी काय तपासावयाचे?" असे जे आपल्याकडे विचारले जाते, त्याचे उत्तर हे.

याहून महत्त्वाची चाचणी शस्त्रक्रियेपूर्वी अगदी अखेरीस होते. रुग्णाच्या रक्तातील पातळ भाग घेऊन त्यात दात्याच्या पांढऱ्या पेशी टाकून पाहतात. त्या मेल्या, तर रुग्णाच्या रक्तात त्या दात्याविरुद्ध विरोधी द्रव्ये आधीच तयार आहेत असे समजावे. पटेल व तेरासाकी या संशोधकांनी १९६९ साली जी आकडेवारी प्रसिद्ध केली ती आम्हांस फार बोलकी वाटते. ही चाचणी प्रतिकूल असताना केलेल्या ३० रोपणांपैकी २४ अवयव तत्काळ निकामी झाले होते. अनुकूल असताना केलेल्या १९५ पैकी केवळ ८ गेले. असा नकार काही मिनिटांत वा तासांत येतो आणि त्यावर औषध चालत नाही; म्हणून तो चाचणीनेच टाळावयाचा असतो.

ही विरोधी द्रव्ये कशाने तयार होतात? पूर्वी दिलेल्या रक्ताने, गर्भारपणाने, किंवा पूर्वीच्या रोपणाने. म्हणून ज्याची मूत्रपिंडे खालावत आहेत आणि पुढे रोपणाचा विचार होऊ शकेल, अशा रुग्णास गरज नसताना रक्त देऊ नये असे डॉक्टर सांगतात. घरच्या मंडळींनीही ते ध्यानात ठेवावे.

बुरशीने दिलेले औषध

आता जो भाग सांगावयाचा तो धान्याच्या व्यापाऱ्यास विशेष मौजेचा वाटेल. वखारीतील बुरशी ही आपली जन्माची वैरीण. ओल लागलेल्या मक्याचा वास आला की आपले काळीज चरकते. अशाच नासलेल्या मक्यावर १८९३ साली बार्तोलोमेओ गोसियो हे इटालियन वैद्य संशोधन करीत होते. मका खाऊन राहणाऱ्या गरीब शेतकऱ्यांत पेलाग्रा नावाचा रोग फार होता, आणि तो बुरशी लागलेल्या मक्याने होत असावा असा तेव्हा समज होता. तो समज पुढे खोटा ठरला, कारण तो रोग नायासिन या जीवनसत्त्वाच्या उणिवेने होतो. परंतु त्या बुरशीतून गोसियो यांनी एक द्रव्य वेगळे काढले. त्याचे पुढे नाव पडले मायकोफेनोलिक आम्ल. जवळजवळ शंभर वर्षे ते विशेष उपयोगावाचून पडून होते. मग असे आढळले की, पांढऱ्या पेशींची फौज वाढू न देण्याचे काम ते चांगले करते. १९९५ साली अमेरिकेत त्यापासून केलेल्या औषधास मूत्रपिंडरोपणासाठी मान्यता मिळाली, आणि आज आपल्याकडेही असंख्य रुग्ण ते रोज घेत आहेत.

दुसरे औषध मातीतून आले. स्वित्झर्लंडमधील सँडोझ या औषधी कंपनीचे लोक सुटीवर गेले असता तेथील मातीचे नमुने घेऊन येत. नॉर्वेतील हार्डांगरविडा या पठारावरून आणलेल्या मातीत एक बुरशी सापडली. तिच्यातील द्रव्याने पांढऱ्या पेशींचा विरोध थंडावतो, आणि तेही इतर पेशींस न मारता, हे झाँ बोरेल व त्यांचे सहकारी यांस १९७२ च्या सुमारास दिसले. हेच सायक्लोस्पोरिन. केंब्रिजचे शल्यविशारद रॉय कॅन यांनी १९७८ साली ते रुग्णांस दिले, आणि १९८३ साली त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यापूर्वी मृत व्यक्तीकडून घेतलेल्या मूत्रपिंडांपैकी सुमारे निम्मीच एक वर्ष पुरे करीत. सायक्लोस्पोरिनच्या काळात ते प्रमाण शेकडा ८० च्या आसपास गेले. हृदय व यकृत यांच्या रोपणास खरा जोर आला तो या औषधापासूनच.

तिसरे टॅक्रोलिमस. जपानात त्सुकुबा येथील मातीतील एका जंतूपासून ते १९८४ साली मिळाले, आणि आज बहुतेक ठिकाणी मुख्य भिस्त त्याच्यावरच आहे.

या औषधांची कामे वाटलेली असतात. टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन हे पांढऱ्या पेशींचा इशाराच अडवितात. मायकोफेनोलेट हे त्यांची संख्या वाढू देत नाही. स्टेरॉइड हे एकंदर दाह शमविते. एकट्याचा डोस फार वाढविण्यापेक्षा तिघांस थोडे थोडे काम दिले की अपाय कमी होतो. अपाय मात्र आहेतच. प्रतिकारशक्ती दबल्यामुळे जंतुबाधा लवकर होते, मधुमेह जडू शकतो, काही प्रकारच्या कर्करोगांचा धोका वाढतो, आणि टॅक्रोलिमस प्रमाणाबाहेर गेले तर ज्या मूत्रपिंडाच्या रक्षणासाठी ते घ्यावयाचे त्यालाच इजा करते. साठवणीच्या धान्यात ओल अधिक राहिली तर बुरशी, फार सुकविले तर दाणा फुटतो आणि वजनात मार बसतो. त्या दोहोंच्या मध्ये माल राखण्यातच कसब. रुग्णाच्या रक्तातील औषधाचे प्रमाण वेळोवेळी मोजतात ते याचसाठी.

औषध चुकते तेव्हा

आमच्या बाजारातील एका पेढीवरील दिवाणजींची मूत्रपिंडे वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी निकामी झाली. थोरल्या बहिणीने आपले मूत्रपिंड दिले. बाजारात वही फिरली. अडते, दलाल, मापाडी, इतकेच नव्हे तर हमालांनीही आपला वाटा घातला, आणि आठ दिवसांत रक्कम उभी राहिली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. तीन महिन्यांनी दिवाणजी पुन्हा गादीवर येऊन रोजमेळ लिहू लागले, तेव्हा बाजारात पेढे वाटले गेले.

दोन वर्षे बरी गेली. औषधास दरमहा काही हजार रुपये लागत. पगार बेताचा, मुलीचे शिक्षण चालू, त्यात घराचे भाडे. तिसऱ्या वर्षी त्यांनी दोन वेळांची गोळी एक वेळेवर आणली. काही दुखले नाही, खुपले नाही. काही महिने गेले, आणि आपली युक्ती साधली असे त्यांस वाटले. रक्ततपासणीही त्यांनी पुढे ढकलली. पायांवर सूज आली तेव्हा तपासले, तो रक्तातील क्रिएटिनिन फार वर गेलेले. डॉक्टरांनी शिकस्त केली. परंतु नकार मुरला होता. आज ते आठवड्यातून तीन वेळा यंत्रावर रक्त शुद्ध करून घेतात. बहीण एका मूत्रपिंडावर आपला संसार पाहते आहे. तिने भावाला कधी शब्दाने दुखविले नाही. "तुला पैसे कमी पडत होते, तर मला का नाही सांगितलेस?" एवढेच तिने एकदा विचारले.

या माणसास आळशी वा अडाणी म्हणता येणार नाही. हिशेबात पै इकडची तिकडे न होऊ देणारा तो मनुष्य. परंतु नकार हा पुष्कळदा मुकाट्याने येतो. ताप, सूज, लघवी कमी होणे ही चिन्हे उशिरा दिसतात, किंवा दिसतही नाहीत. रक्ताची तपासणी मात्र आधी बोलते. आणि शरीराची आठवण वर्षे लोटली म्हणून पुसली जात नाही. दहा वर्षे सुरळीत गेली, आता औषध कशास हवे, असा प्रश्न ज्यांच्या मनात येतो त्यांनी हे विसरू नये.

घरातील पथ्य

आपल्या घरांतील काही रीती येथे साहाय्यक आहेत. पाणी गाळून, उकळून पिण्याची सवय अशा रुग्णास फार हितकारक. काही रीतींचा मात्र आधी विचार करावा लागतो. टॅक्रोलिमस सामान्यतः बारा तासांच्या अंतराने दोन वेळा घ्यावयाचे असते. जे सूर्यास्तानंतर अन्नपाणी घेत नाहीत त्यांनी रात्रीची गोळी परस्पर सोडून देऊ नये. डॉक्टरांस स्पष्ट सांगावे; सकाळी साडेपाच व सायंकाळी साडेपाच अशाही वेळा त्यांच्या संमतीने बांधता येतात. निर्जळी उपवासाने शरीरातील पाणी घटते व मूत्रपिंडावर ताण येतो. त्याविषयी पर्वाच्या आधीच डॉक्टरांस व गुरुजनांस विचारून निर्णय घ्यावा. पथ्य व औषध यांची ओढाताण मनातल्या मनात करून गोळी चुकविणे हे सर्वांत वाईट.

दुसरी गोष्ट, प्रतिकारशक्ती वाढविण्याचे म्हणून जे काढे व चूर्णे हल्ली घरोघर आली आहेत, ती अशा रुग्णास आपुलकीने देऊ नयेत. जी शक्ती डॉक्टर प्रयासाने दाबून धरीत आहेत तीच आपण चाळवू, किंवा औषधाचे रक्तातील प्रमाण बिघडवू. ग्रेपफ्रूट व पपनस या फळांनीही ते प्रमाण वाढते. उलट क्षयावरील रिफॅम्पिसिन या औषधाने ते फार उतरते. म्हणून कोणताही नवा डॉक्टर काही लिहून देऊ लागला, तर चालू औषधांची यादी प्रथम त्याच्या हाती द्यावी.

व्यापारी बांधवांस विनंती

पुढे कदाचित औषधांवाचूनही निभेल. शरीरास परक्याची ओळख लहानपणीच करून दिली तर ते त्यास आपले मानते, हे मेडावर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली उंदरांच्या गर्भांवरील प्रयोगांनी दाखविले. मेडावर यांस १९६० साली नोबेल मिळाले ते त्याबद्दलच. दात्याच्या अस्थिमज्जेतील पेशी रुग्णास देऊन तेच मोठ्या माणसांत साधण्याचे प्रयत्न चालू आहेत, आणि निवडक रुग्णांची औषधे त्यायोगे बंदही झाली आहेत. परंतु सर्वांस तो लाभ मिळेपर्यंत गोळीचा डबा हाच रखवालदार.

दारिद्र्यरेषेखालील रुग्णांस या औषधांसाठी राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमातून साहाय्याची तरतूद आहे. मधल्या स्थितीतील कारकून, दिवाणजी, लहान दुकानदार हे त्यात बसत नाहीत आणि त्यांस मागावयासही संकोच वाटतो. हेच लोक आपल्या पेढ्या सांभाळतात. तेव्हा आमची सूचना अशी की, शस्त्रक्रियेसाठी रक्कम जमवितानाच तिचा ठराविक भाग औषधासाठी निराळ्या खाती जमा ठेवावा आणि त्याच्या व्याजातून वा हप्त्याने दरमहा औषध विक्रेत्याचे बिल परस्पर चुकते करावे. रोख हातात दिली की ती घरच्या दुसऱ्या अडचणीस लागते, हे आपण सारे जाणतो. तीन महिन्यांनी एकदा कोणी वडीलधाऱ्याने जाऊन रक्त तपासले का एवढे विचारावे. त्यात उपकाराची भाषा नसावी. ज्या पेढीवर असा रुग्ण नोकरीस असेल तिच्या मालकाने तपासणीच्या दिवसाची रजा पगारी धरावी.

देणाऱ्याने आपल्या देहाचा भाग दिला. त्याची परतफेड कोणत्याही वहीत होणे नाही. तो भाग वाया जाऊ न देणे एवढेच आपल्या हाती आहे. म्हणून यापुढे आपल्या बाजारात अशी वही फिरेल तेव्हा तिच्या पहिल्या पानावर शस्त्रक्रियेचा आकडा आणि त्याखाली दरमहा औषधाचा आकडा, असे दोन्ही आकडे मांडलेले असावेत, अशी आमची सर्व बंधुभगिनींस नम्र विनंती आहे.